पवळीच्या पोटचं पिल्लू

दळणाला जोंधळं काढायला म्हणून मी कोठीचं दार उघडलं आणि हातात पाटी घेऊन तशीच उंबऱ्यात उभी राहिले.

आत आमची कुत्री पवळी होती. ती असणारच होती, कारण माझ्या वडलांनी, आण्णांनीच, तिला तिथं कोंडली होती. दोन कणग्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत ती मान खाली घालून उभी होती. तिचे मागचे पाय भुईत उकरलेल्या एका खड्ड्यात होते आणि खड्ड्यात जुनं गोणपाट पडलेलं होतं. तिच्या मागं, उलट्या दिशेला तोंड करून, आमच्याकडं उतरलेल्या हसनमिस्त्रींचा कुत्रा राबण्या उभा होता. दोघं अडकलेली होती. पवळी ओशाळल्यासारखी दिसत होती. राबण्या मात्र मोठं काम पार पाडल्याच्या ऐटीत माझ्याकडं बघत होता.

मी आईला हाक मारली. आई आली, तिनं बघितलं आणि कपाळाला हात लावला. "आता तुझ्या लग्नाचं काय गं, मायाक्का?" एवढंच म्हणाली.

ही सगळी गोष्ट कुत्र्यांची आहे, हे आधीच सांगून टाकते. मी सांगायला लागले की माझ्या नातसुना पदर तोंडाला लावतात आणि "आजी, असलं काय बोलता" म्हणतात. लावोत बापड्या. माझ्या संसाराची सुरुवात त्या कोठीत झाली, त्याला माझा इलाज नाही.

आम्ही बंडगर, बोरजाईच्या माळावरचे धनगर. मेंढरं तर सगळ्यांचीच होती, पण आमच्या घराचं नाव होतं ते कारवानी कुत्र्यांसाठी. कारवानी म्हणजे उंच, लांब तोंडाचं, पोट आत गेलेलं कुत्रं. बघणाऱ्याला वाटावं, याला घरात कोणी खायला घालत नाही. पण माळावर ससा उठला आणि याच्या नजरेला पडला की मग ते कुत्रं राहत नाही, नुसती धूळ राहते. ते वास काढत बसत नाही, भुंकत नाही. त्याचं सगळं काम डोळ्यांवर. दिसलं की सुटलं आणि सुटलं की धरलं. माळच उघडा असल्यावर आणखी काय पाहिजे?

पवळीची आई आमच्याच घरची, तिची आईही आमच्याच घरची. आण्णांना स्वतःच्या आजोबांच्या आईचं नाव सांगता आलं नसतं, पण पवळीच्या पणजीचं नाव, रंग आणि कुठल्या कानावर डाग होता, हे ते झोपेतून उठवून विचारलं तरी सांगत. माजावर आलेली कुत्री कुठल्या नराला द्यायची यावर आमच्या घरात जेवढा खल व्हायचा, तेवढा माझं स्थळ बघताना झाला नाही. आणि घराची एक रीत होती. मुलगी सासरी गेली की भांडीकुंडी बरोबर जायचीच, पण पुढं कुत्री व्याली की तिच्या पहिल्या वेतातलं किंवा येईल त्या वेतातलं एक पिल्लू बाप स्वतः घोंगड्यात घालून मुलीच्या सासरी पोचवायचा. ते तिचं आंदण.

माझं लग्न ठरलं ते हरळगावच्या ज्योतू गावड्यांच्या मुलाशी. ही माणसं मूळची आमच्यासारखीच माळावरची, पण एका पिढीआधी नदीकाठाला सरकलेली. तिथं त्यांनी जमीन धरली आणि ऊस लावला. मेंढरं गेली, घोंगडं गेलं, कुत्र्यांचा नाद मात्र काही गेला नव्हता. बैठकीत माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी मिशीवर हात फिरवून सांगितलं की लग्नात आम्हाला काही नको, फक्त पवळीच्या पोटचं एक पिल्लू पाहिजे. आण्णांनी सगळ्यांसमोर शब्द दिला. पवळीचं वय झालं होतं. हे तिचं शेवटचं वेत ठरणार, हे सगळ्यांना दिसत होतं. म्हणून जतजवळच्या एका पाटलांचा सुलतान नावाचा नर आधीच बोलून ठेवला होता.

शब्द देऊन झाल्यावर आण्णा रीतीप्रमाणे घर बघायला हरळगावला गेले. आले ते गप्प होते. आईनं खोदून खोदून विचारलं. घर कसं आहे? चांगलं आहे. मुलगा? चांगला आहे. मग तोंड का असं? तर म्हणाले, "पाणी लई हाय तिकडं. नजर पोचत न्हाई." आईला वाटलं, मुलगी लांब चालली म्हणून बापाचं मन भरून आलंय. तिनं दोन दिवस त्यांना आवडतं ते हुलग्याचं माडगं करून घातलं.

त्याच सुमारास आमच्या गावच्या पाटलांच्या विहिरीवर तेलाचं इंजिन बसवायला मिरजेहून हसनमिस्त्री आले. एरवी असा माणूस चावडीत उतरायचा. आण्णांनीच त्यांना आग्रह करून आमच्या घरी आणलं. मिस्त्रींबरोबर त्यांचं कुत्रं होतं: गुडघ्याएवढं, पांढरं, एक कान तपकिरी, तोंडावर राठ केसांची दाढी. त्यांच्या वडलांनी कुठल्याशा साहेबाच्या बंगल्यावर नोकरी केली होती, तिथली ही अवलाद. मिस्त्री त्याला रॉबिन म्हणायचे, गावानं त्याचा राबण्या केला. नाव चुकीचं नव्हतं. बिळात शिरून घूस बाहेर ओढायची आणि मानेला धरून एकदाच झटकायची, हे काम ते दिवसभर न थकता करायचं. आणि तोंड म्हणाल तर क्षणभर बंद नाही. आमची कुत्री त्याच्याकडं मान वळवून बघायचीसुद्धा नाहीत.

कोठीत घुशींनी उच्छाद मांडला होता. आण्णा म्हणाले, "ऱ्हाऊ दे त्याला कोठीतच." तेव्हापासून राबण्याचा मुक्काम कोठीत. मग पवळी माजावर आली. गावातली सगळी कुत्री दाराशी घोटाळायला लागली, तेव्हा आण्णांनी तिलाही कोठीतच कोंडली आणि किल्ली कमरेला लावली; मेंढरांकडं जाताना तेवढी आईकडं देऊन जायचे. सुलतानकडं न्यायला अजून वेळ आहे, ती तयार नाही, असं सांगत राहिले. मी आणि आई दिवसातून कितीदा तिथं आत-बाहेर केलं असेल, दोघींनाही राबण्या दिसत होता. पण त्याला नर म्हणून कोणी मोजलंच नव्हतं. तो घुशी मारायचं अवजार होता. पवळीच्या पोटाखालून तो मान न वाकवता जायचा, त्याची काय भीती धरायची?

तर असा तो घोटाळा झाला.

आण्णा मेंढरांकडून आले आणि अंगणात उभं राहून त्यांनी मिस्त्रींना असं काही फैलावर घेतलं की शेजारची माणसं कामं टाकून गोळा झाली. लांडग्यानं मेंढरू नेलं तेव्हाही त्यांचा आवाज चढल्याचं मी ऐकलं नव्हतं. पवळीच्या पणजीपासून सगळ्यांची नावं त्यांनी घेतली. पिढ्यान्‌पिढ्या राखलेलं रक्त एका उंदीरमाऱ्यानं नासलं म्हणाले, आता पाव्हण्यांना काय तोंड दाखवू म्हणाले. मिस्त्री बिचारे मान खाली घालून ऐकत होते. आईनं तिकडं कोठीत कुदळीनं माती ओढून खड्डा बुजवला आणि प्रत्येक कुदळीला पवळीला एक शिवी दिली. उन्हाळ्यात कुत्री गारव्याला भुई उकरतात, तसं पवळीनं उकरलं आणि स्वतःच स्वतःची उंची कमी करून घेतली, असं तिचं म्हणणं. "उभ्या जल्मात कवा उकरलं न्हाई, आन आताच बरं सुचलं हिला," असं ती दिवसभर म्हणत होती.

इंजिन बसवून झाल्यावर मिस्त्री निघाले, तेव्हा आण्णा त्यांना सोडायला गावाच्या शिवेपर्यंत गेले. एवढं बोलल्यावर माणसाला वाईट वाटलं असणार, असं मी मनात म्हटलं.

माझं लग्न ठरल्या मुहूर्तावर झालं. पवळीच्या पोटात काय आहे हे हरळगावला कोणी कळवलं नाही. ती व्याली तेव्हा मी सणाला माहेरी आलेली होते. पिल्लं थोडीच होती आणि एकाचंही तोंड धड नव्हतं. आखूड नाक, हनुवटीला केस, पाय मात्र लांबच लांब. बघायला येणारा माणूस हसू दाबत परत जायचा. आण्णांनी त्यातही घरची पारख सोडली नाही. पिल्लं उन्हात ओळीनं ठेवली आणि पवळीला सोडली. ती ज्याला पहिलं तोंडात धरून परत आडोशाला नेते, ते सगळ्यांत चांगलं, असा आमच्यात समज आहे. पवळीनं सगळ्यांवरून नाक फिरवलं आणि सगळ्यांत दाढीवालं उचललं. ती मादी होती. तेच माझं आंदण.

ते पिल्लू दूध सुटल्यावर आण्णांनी घोंगड्यात गुंडाळलं आणि हरळगावला आणलं. मामा, म्हणजे माझे सासरे, ओसरीवर बसले होते. रीत अशी की सासऱ्यानं उपरण्याची ओटी पसरायची आणि मुलीच्या बापानं तीत पिल्लू ठेवायचं. मामांनी ओटी पसरलीही होती. घोंगड्यातून ते दाढीवालं तोंड बाहेर आलं, तसं त्यांनी उपरणं आवरून घेतलं.

"ह्ये काय आणलंसा, पाव्हणं?"

"पवळीच्या पोटचं पिल्लू," आण्णा म्हणाले. "सबूद दिला हुता."

"आन बाप?"

आण्णांनी सगळं सांगितलं. राखण चुकली, माझा दोष, म्हणाले. माझे वडील दुसऱ्यासमोर मान खाली घालून बसलेले मी त्याआधी कधी पाहिले नव्हते. मी माजघराच्या दारात उभी होते. मला इतकी शरम वाटली की भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पवळी आता पुन्हा माजावर येणार नाही, हेही त्यांनी सांगितलं. म्हणजे हे घ्या, नाहीतर काहीच नाही. मामांनी उपरणं खांद्यावर टाकलं. मग पिल्लाकडं न बघता म्हणाले, "सूनबाईचं हाय. सूनबाईनं बघावं."

आण्णा चहा न घेता गेले. जाताना मला एवढंच म्हणाले, "बांधून घालू नगं. उसाकडं नेत जा." मी मानेनं हो म्हटलं, पण मनातून मला त्यांचा रागच आला होता. आपली किल्ली सांभाळता आली नाही आणि वर मला शिकवतात.

सासूबाईंनी तिच्या तोंडाकडं बघून तिचं नाव मिशी ठेवलं. सासरी नव्या सुनेला टोमणे मारायला काहीतरी निमित्त लागतंच, मला ते चार पायांचं मिळालं. भाकरी करपली की तिला मिशीचं तोंड म्हणायचं, पाहुणी माणसं आली की "आमच्या सूनबाईच्या माहेरचा कारवानी बघितला का?" घरात खरा कारवानी एकच उरला होता, लाल्या. त्याच्या पोटावर छातीपासून मांडीपर्यंत जाड शिवण होती, पोतं शिवल्यासारखी. त्याच्या जोडीचा नर आदल्या साली मेला होता. दोघांनाही फाडलं होतं ते उसातल्या डुकरानं.

हरळगावात डुकराची गोष्ट चेष्टेवारी कोणी काढत नसे. पाणी आलं, ऊस आला आणि उसाबरोबर रानडुकरं आली. एका रात्रीत वावरभर ऊस आडवा करून जायची. तेव्हा शिकारीचे कायदे नव्हते, किंवा असले तरी आमच्यापर्यंत पोचले नव्हते. ज्यानं त्यानं भाला घेऊन आपला ऊस राखायचा. शेजारच्या वस्तीवरचा कर्ता माणूस असाच डुकरासमोर आला आणि मिरजेच्या दवाखान्यात न्यायच्या आधी वाटेतच गेला. आमच्या घरातून राखणीला जायचे ते माझे मालक. आता वय झालं, नाव घ्यायला लाज कसली: धुळा. धुळा मुका वाटावा इतका कमी बोलायचा. भाला घेऊन निघताना माझ्याकडं एकदा बघायचा, बस. तो परत येईपर्यंत माझं कशातच चित्त लागत नसे.

मिशी वाढली ती विचित्रच. उंची मांडीपर्यंत आली आणि थांबली. अंग सडपातळ, पाय आईचे, केस आणि तोंड बापाचं. आणि बापाचीच ती सवय, भुंकायची. एकदा मामा तिला आणि लाल्याला घेऊन गायरानाच्या मोकळ्या तुकड्यावर सशाला गेले. ससा उठायच्या आधीच मिशीला त्याचा वास लागला आणि तिनं बोंब मारून सगळं रान जागं केलं. ससा निवांत निघून गेला. मामांनी तिच्यावर ढेकूळ फेकलं, घरी येऊन मला म्हणाले, "शिकारीचं कुत्रं वरडत नसतंय. ह्ये बांधून टाक." मग ती गोठ्यापाशी बांधलेली असायची. आण्णांचं बोलणं आठवलं की मी गुपचूप दोर सोडून तिला बांधाबांधानं फिरवून आणायचे. उसाच्या कडेनं जाताना तिचं नाक कधी भुईला असायचं, कधी वर. एवढंच मला दिसत होतं, त्याचा अर्थ कळत नव्हता.

तो दिवस ऊसतोडीचा होता. तोड लागली की फड कडेनं कमी कमी होत जातो आणि आत जे काही जनावर असतं ते उरलेल्या उसात सरकत जातं. शेवटचा पट्टा राहिला की तोडणारी माणसं सावध होतात. मी भाकरी घेऊन गेले तेव्हा पट्टा चार-पाच अंगणांएवढाच उरला होता आणि माणसं कोयते खाली ठेवून लांब उभी होती. एकानं पाचटात, उसाच्या वाळल्या पाल्यात, मोठं काळं काहीतरी हलताना बघितलं होतं.

मामा लाल्याला धरून मोकळ्या बाजूला उभे राहिले. बेत असा की धुळानं पलीकडून सरीत शिरून जनावर हाकायचं, ते बाहेर आलं की लाल्यानं धरायचं आणि मामांनी भाला घालायचा. बेत माळावरचा होता. लाल्या मान उंच करून उभा होता, डोळे उसावर. पण ऊस म्हणजे भिंत, त्यात डोळ्यांनी काय बघणार? मामा हात करून दाखवत होते, की मधल्या भागात आहे, तिकडं जा. धुळा भाला पुढं धरून कडेच्या सरीत शिरला आणि दिसेनासा झाला.

मिशी माझ्याबरोबर आली होती. तिला मी बांधावरच्या बोरीला बांधलं होतं. वारा आमच्याकडं येत होता. ती थरथरत होती आणि ओढ घेत होती. पण तिची ओढ होती ती सगळी माणसं बघत होती त्या मधल्या भागाकडं नव्हे, तर धुळा जिथं शिरला होता त्या कडेकडं. मी तिच्याकडं बघितलं, कडेकडं बघितलं आणि बोरीकडं धावले. गाठ सोडायला लागले तर ओढीनं ती इतकी आवळली होती की सुटेना. कोणाचा तरी कोयता पडला होता, तो उचलून दोरावर घातला.

मिशी पाचटाखालून आत गेली. गेली ती भुंकतच गेली.

"कुणी सोडलं त्ये?" मामा ओरडले. "गप करा त्याला!"

कोण गप करणार? तिचा आवाज उसातून सरळ रेषेत पळत गेला, थोडा वळला आणि एका जागी थांबला. मग तिथूनच येत राहिला. आतलं काही दिसत नव्हतं, पण कुठं काय आहे हे आता लहान पोरालाही सांगता आलं असतं. मामांचं ओरडणं बंद झालं. ते कान देऊन ऐकायला लागले. आवाज मधल्या भागातून येत नव्हता.

पुढचं मला धुळानंच सांगितलं, तेही बऱ्याच दिवसांनी. समोर पाचटाचा ढीग होता. तो ढिगाला वळसा घालून पुढं जाणार होता, नजर लांब मामांनी दाखवलेल्या जागेवर होती. तेवढ्यात मिशी आली आणि त्या ढिगावर भुंकायला लागली. हा मागं सरला, आणि ढीग उठला. डुक्कर याच्यावर यायला वळलं तसं मिशीनं मागून त्याच्या पायाचा लचका तोडला. ते तिच्याकडं वळलं, तर ती पाचटाखाली गडप. पुन्हा याच्याकडं वळलं, पुन्हा मागून लचका. उंच कुत्रं समोरून धरायला गेलं असतं आणि फाटून पडलं असतं. ही लाल्याहून बुटकी बया समोर येतच नव्हती. त्या ओढाताणीत धुळा उलट्या पावलांनी सरीतून बाहेर पडला. मी त्याला बांधावर चढताना बघितलं, तेव्हा कोयता अजून माझ्या हातातच होता.

डुक्कर वैतागून मोकळ्यात आलं. मोकळ्यात आल्यावर लाल्याला कोणी सांगावं लागलं नाही. त्यानं कान धरला, मामांनी भाला घातला आणि खेळ संपला.

शिकारीत कुत्र्यालाही माणसाएवढा वाटा असतो. काळीज मात्र कामी आलेल्या कुत्र्याला, आणि ते मालकानं स्वतःच्या हातानं द्यायचं. धरलं होतं लाल्यानं, त्यामुळं सगळ्यांनी लाल्याला वाट करून दिली. मामांनी उसाच्या पाल्यावर काळीज घेतलं, लाल्याजवळून पुढं गेले आणि बोरीखाली धापा टाकत बसलेल्या मिशीसमोर उकिडवे बसले. तिनं आधी वास घेतला, मग खाल्लं. ती खात असताना ते तिथून हलले नाहीत.

मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "वरडली म्हणून पोरगं परत आलं, सूनबाई."

त्यानंतर गोठ्यापाशी मिशीला कोणी बांधलं नाही. आमच्या वस्तीवर ऊस राखणं म्हणजे मिशीच्या मागं चालणं, असं होऊन गेलं. बाकीचे शेतकरी मामांकडं यायचे आणि तसलं कुत्रं मागायचे. मामांनी मिशीला लाल्यापासून पिल्लं काढून बघितली, तर ती सगळी लाल्यावर गेली: उंच, देखणी, मुकी. तेव्हा मामा म्हणाले की मुळापासूनच केलं पाहिजे. एक चांगली कारवानी मादी त्यांनी नात्यातून आणली. मिरजेला जाऊन हसनमिस्त्रींकडून राबण्याचा नातूही आणला. मादी माजावर आली तसं दोघांना एका खोलीत कोंडलं. पण काहीच होईना. नर बिचारा उड्या मारून थकून जायचा, मादी जांभया द्यायची. असे दोन माज फुकट गेले. पवळीनं आपणहून भुई उकरली होती; हिला ते कसं शिकवायचं, हे कोणालाच सांगता येईना. शेवटी मामांनी मला माहेरी पाठवलं. म्हणाले, राखण चुकली असली तरी तुझ्या बापाएवढं कुत्र्यातलं कोणाला कळत नाही.

आण्णा आता थकले होते. पवळी जाऊनही बराच काळ लोटला होता आणि दारात एकही कुत्रं नव्हतं. अंगणात बसून ते चातीवर लोकर कातत होते. मी त्यांना सगळी हकीकत सांगितली. उंची जमत नाही, हेही सांगितलं.

चाती फिरतच होती. आण्णा कामाच्या नादात म्हणाले, "असं कसं जमंल? खड्डा घ्याय लागतोय. कुत्रीचं मागचं पाय खाली जायाला पायजेत. हातभर खोल घ्यायचा, आदल्या दिशी पाणी मारून ठेवायचं, न्हाईतर भुई उकरत न्हाई. आन मधी गोणपाट टाक. माती सुटली की तिचं पाय घसरत्यात."

मी म्हटलं, "गोणपाट?"

चाती थांबली.

घरात आई भाकरी थापत होती. कोठीचं दार, दोन कणग्या, खड्डा आणि खड्ड्यातलं ते गोणपाट, सगळं माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. इतकी वर्षं मला वाटत होतं की ते पवळीनंच कुठून तरी ओढून आणलं असेल.

"तुझं घर बघाय गेलतो," आण्णा म्हणाले, "तवा लाल्याचं पोट शिवाय चाललं हुतं. धुळा दाभण घिऊन बसला हुता. त्याच्या पोटरीला चिंधी बांधलेली. इचारलं, तर म्हणला कोयता लागला." त्यांनी चातीवरचा धागा गुंडाळला. "डुकराच्या सुळ्याची जखम मला कळत न्हाई व्हय? उसात डोळं काय कामाचं, मायाक्का? तिथं नाक लागतं, आन तोंड लागतं."

"मग सरळ सांगायचं."

"सरळ सांगून तुझ्या सासऱ्यानं असलं पिल्लू घरात घेतलं असतं? आन मुद्दाम क्येलं म्हणलो असतो, तर ह्या गावानं मला चावडीवर बसू दिलं असतं? चुकून झालं की कुणाला बोलता येत न्हाई."

"मिस्त्रींना ठावं हुतं?"

"त्याला सांगूनच शिव्या दिल्या." आण्णांच्या तोंडावर हसू आलं. "शिवंपतूर गेलतो त्याला घालवाय, तवा म्हणला, आण्णा, एवढ्या ठरल्या न्हवत्या."

मी विचारलं, "आन पवळीचं शेवटचं वेत?"

त्यांनी रिकाम्या दाराकडं बघितलं आणि म्हणाले, "तुझ्यापरास मोठं हुतं व्हय त्ये?"

मला रडू आवरेना. बाप माझ्या सासऱ्यासमोर मान खाली घालून बसला होता तो दिवस आठवला आणि त्या दिवशी मला त्यांचा आलेला रागही आठवला. मी पदर तोंडात धरला, तरी हुंदका बाहेर आलाच.

आई पिठाच्या हातानं दारात आली. "काय झालं गं रडाय?"

"काय न्हाई," आण्णा म्हणाले. "पवळीची आठवण काढत हुतो."

"तिची कशाला काढायची?" आई म्हणाली. "भुई उकरून माझ्या कोठीचं वाटुळं क्येलं त्या सटवीनं. तुमचं नाव घालवलं ते येगळंच."

"खरं हाय तुझं," आण्णा म्हणाले, आणि मान खाली घालून त्यांनी चाती पुन्हा फिरवायला घेतली.